वॉट किती आणि कसले?

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र दीड किलोवॉटच्या प्रक्षेपकावर सुरू झाले. त्या काळी प्रक्षेपकाची शक्ती मोजत कशी? एरियलच्या वाटेवर तापणाऱ्या तारेचा ॲमीटर बसवत. तार तापून लांबली की काटा सरके. प्रवाहाचा वर्ग गुणिले एरियलचा रोध म्हणजे वॉट. शाळेत पाठ केलेला जूलचा नियमच तो!

पण उष्णतेला शुद्ध-अशुद्ध कळत नाही. दुप्पट-तिप्पट वारंवारतेच्या नकोशा लहरीही त्याच आकड्यात मिसळत. त्या शोधायला वेगळा तरंगमापक लागे. ठिणगी-प्रक्षेपकांचा संदेश तर इतका पसरट, की शेजारच्या जहाजाची मदतीची हाकही त्यात बुडावी. १९२७ सालीच वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने त्यांच्यावर निर्बंध आणले. नुसत्या वॉटवर प्रक्षेपकाची परीक्षा होत नाही, हे तोवर जगाला पटले होते.