चाळीस दिवसांचे श्रवण

कोणताही मोठा सण एकाएकी दारात येऊन उभा राहत नाही. त्याच्या आधी काही दिवस मनाची मशागत व्हावी लागते. आषाढीच्या दर्शनाला वारीची वाट चालावी लागते. श्रावणातल्या पोथीवाचनाने घराघरांतील मने सणांसाठी सिद्ध होतात. ख्रिस्ती समाजात ईस्टरच्या, म्हणजे प्रभू येशूच्या पुनरुत्थानाच्या सणापूर्वी असाच चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळला जातो. या उपवासकाळाचा आणि मराठी भाषेचा जो संबंध आला, त्याचा थोडा मागोवा घेण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. हा विषय सुचला तो मात्र ग्रंथालयात नव्हे, तर भोपाळच्या बिट्टन मार्केटमध्ये, भाजीची पिशवी हातात असताना.

आमच्या शाळेतील एक सहशिक्षक मूळचे वसईकडचे. त्यांचे वडील हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यात नोकरीस आले आणि कुटुंब येथेच स्थिरावले. फेब्रुवारीअखेरच्या एका संध्याकाळी ते बाजारात भेटले. नेहमीप्रमाणे मी चहाचा आग्रह केला. ते म्हणाले, "सर, ईस्टरपर्यंत चहा सोडला आहे. आमचा उपवासकाळ चालू आहे." सहज म्हणून मी विचारले, "या दिवसांत प्रार्थना कोणत्या भाषेत करता?" ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "देवळात हिंदीत, कधी इंग्रजीत. आई मात्र घरी मराठीत म्हणते. मुलांना ती येत नाही."

घरी परतताना हे उत्तर माझ्या मनातून जाईना. त्याचे कारण असे की, मी स्वतः सुमारे तीस वर्षे मराठी शिकवीत आलो आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी भाषेची थोरवी गायिली, एवढे मी प्रत्येक वर्गाला सांगितले. परीक्षेत त्यावर प्रश्नही घातले. परंतु त्या थोरवीच्या ओव्या ज्या ग्रंथात आहेत, तो दहा हजारांहून अधिक ओव्यांचा ग्रंथ कोणासाठी आणि कशासाठी रचला गेला, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांपुढे कधी ठेवला नाही. खरे म्हणजे स्वतःलाही विचारला नाही. भाषेची प्रशस्ती आपण उचलली आणि ज्या श्रोत्यांसाठी ती भाषा राबली, त्यांना मागेच सोडले.

प्रथम या उपवासकाळाचे स्वरूप पाहू. इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेत ईस्टरच्या दिवसाचा विचार झाला. पुढे ३३० च्या सुमारास अलेक्झांड्रियाचे धर्माध्यक्ष अथानेशियस यांच्या पत्रात चाळीस दिवसांच्या उपवासाचा स्पष्ट निर्देश आढळतो. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपवास केला, ही त्यामागील स्मृती होय. प्राचीन काळी ईस्टरच्या रात्री नवदीक्षितांना स्नानसंस्कार दिला जाई. त्यांच्या तयारीचा शेवटचा आणि सर्वांत कसोटीचा टप्पा याच दिवसांत पडे. म्हणजे हा काळ मुळात शिकण्याचा आणि ऐकण्याचा होता. पाश्चात्त्य मंडळीत राखेच्या बुधवारी त्याचा आरंभ होतो. मागील वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख भाविकांना लावली जाते. त्या दिवसापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत शेहेचाळीस दिवस होतात. त्यांतील सहा रविवार वगळले की चाळीस उरतात. गोव्यात या काळाला 'कोरेज्म' म्हणतात. चाळिसावा या अर्थाच्या शब्दापासून आलेल्या पोर्तुगीज नावाचे ते देशी रूप आहे.

उपवास येथे केवळ अन्नाचा नसतो. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म या तिन्हींची सांगड घातलेली असते. रोमन परंपरेत तर एका शब्दाचाही उपवास असतो. 'आलेलुया' हा आनंदोद्गार राखेच्या बुधवारपासून उपासनेतून वगळला जातो आणि ईस्टरच्या रात्री नव्या अग्नीवर मोठी मेणबत्ती पेटवून केलेल्या जागरणात तो पुन्हा उच्चारला जातो. ज्या समाजाने चाळीस दिवस एक शब्द जपून ठेवला, त्याला तो परत मिळाल्यावर काय वाटत असेल, याची कल्पना भाषेच्या शिक्षकाला तरी सहज करता यावी.

आता स्टीफन्सकडे वळू. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला आणि पुढील चाळीस वर्षे, १६१९ मध्ये देह ठेवीपर्यंत, मुख्यतः साष्टी प्रांतात राहिला. तो काळ धर्मदृष्ट्या सौम्य नव्हता. देवळे पाडली गेली होती, १५६० मध्ये धर्मन्यायालय स्थापन झाले होते आणि नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना जुन्या पोथ्या वाचण्याची बंदी होती. 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभीच याची कबुली आहे. जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांस दुसरे काही का देत नाही, अशा आशयाचा प्रश्न एक श्रोता विचारतो आणि त्या मागणीतून ग्रंथाचा उगम दाखविला आहे. हा प्रसंग नीट वाचला पाहिजे. एका परीने ते एका हिरावून घेतलेल्या वस्तूची मागणी आहे. या ग्रंथाचे मोल मान्य करताना त्यामागची सक्ती झाकणे इतिहासाशी प्रामाणिक होणार नाही. आणि सक्तीचा उल्लेख करून ग्रंथाचे मोल नाकारणे हेही तितकेच अप्रामाणिक ठरेल.

१६१६ मध्ये राचोल येथे हा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. त्याचे दोन भाग आहेत: 'पहिले पुराण' जुन्या कराराच्या कथांचे आणि 'दुसरे पुराण' येशूच्या चरित्राचे. अध्यायांना 'अवस्वरू' असे नाव आहे. रविवारी व सणावारी देवळात जमलेल्या लोकांना तो वाचून दाखविला जाई. स्टीफन्सने ओवी निवडली, कारण ओवी डोळ्यांपेक्षा कानांसाठी असते. जात्यावर आणि पोथीसमोर जी लय लोकांच्या अंगवळणी पडली होती, तिच्यातच त्याने येशूचे दुःखसहन, क्रूसावरील मरण आणि पुनरुत्थान सांगितले. स्वर्गासाठी त्याने 'वैकुंठ' हा शब्द स्वीकारला. असा शब्द परका वाटत नाही; तो ऐकणाऱ्याच्या बालपणापर्यंत जाऊन पोहोचतो. पश्चात्ताप ही ज्या काळाची मागणी आहे, त्या काळात तर असाच शब्द उपयोगी पडतो. माणूस परक्या भाषेत नियम समजून घेऊ शकतो. आपले अपराध मात्र तो आपल्याच भाषेत मोजतो.

पुढे जे घडले ते खेदजनक आहे. ग्रंथाच्या १६४९ व १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. परंतु १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने देशी भाषेचा वापर तीन वर्षांत बंद करून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला. ज्या सत्तेच्या आश्रयाने हे पुराण छापले गेले, तिनेच त्याच्या श्रोत्यांची वाणी तोडू पाहिली. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून, म्हणजे ज्यांनी तो हाताने उतरवून घरात जपला त्यांच्यामुळे. १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी अशा हस्तलिखितांच्या आधारे मंगळूर येथे त्याची आवृत्ती काढली आणि १९५६ मध्ये प्रा. शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला. छापलेल्या प्रती नष्ट झाल्या आणि उतरवून घेतलेल्या राहिल्या, ही गोष्ट ग्रंथ कोणाचा होता हे पुरेसे स्पष्ट करते.

वसई प्रांताची कथा थोडी निराळी आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज सत्ता तेथून गेली. ख्रिस्ती समाज मात्र आपल्या शेतीवाडीसह आणि बोलीसह तेथेच राहिला. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली, आणि देवळातील मिस्सा लॅटिनमध्ये, अशी स्थिती विसाव्या शतकापर्यंत होती. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लोकभाषांना वेदीपाशी स्थान मिळाले. त्यानंतर झावळ्यांचा रविवार, पवित्र गुरुवार, गुड फ्रायडे आणि ईस्टरची रात्र यांचे विधी मराठीत होऊ लागले. १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी उपवासाचे नियमही सैल केले. बंधनकारक उपवास राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवसांपुरताच ठेवला आणि प्रार्थना व परोपकार यांवर भर दिला. पोटाचा नियम असा हलका झाला, तेव्हा शब्दाची जबाबदारी साहजिकच वाढली.

प्रॉटेस्टंट मंडळींत या चाळीस दिवसांचे बंधन सर्वत्र सारखे नाही. तथापि शब्दाने मन सिद्ध करण्याची ओढ तीच आहे. मध्य प्रांताच्या दृष्टीने एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. नारायण वामन टिळक राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी जात असता आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि कीर्तन आणले. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. पंडिता रमाबाईंनी तर सामान्य स्त्रियांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली आणि ते काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी, त्या वर्षीच्या ईस्टरला अकरा दिवस उरले असताना, त्यांनी देह ठेवला.

आता पुन्हा भोपाळकडे. नबाबी अमदानीत बूर्बाँ घराण्याच्या आश्रयाने जहांगीराबाद येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्च उभे राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ राजधानी झाली आणि नागपूरहून कितीतरी मराठी कुटुंबे कचेऱ्यांबरोबर येथे आली. १९६३ मध्ये भोपाळचे महाधर्मप्रांत स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले महाधर्माध्यक्ष यूजीन डिसोझा हेही नागपूरहूनच आले. येथील देवळांत अनेक प्रांतांचे लोक एकत्र येतात. तेथे हिंदीत उपासना होणे योग्यच आहे आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. हिंदीत केलेला पश्चात्ताप कमी खरा असतो, असेही मला सुचवायचे नाही. प्रश्न आहे तो घराचा. जी भाषा १६८४ चा हुकूम पचवून टिकली, ती आपल्या निष्काळजीपणाने एका पिढीत जाऊ शकते. हे केवळ ख्रिस्ती घरांचे दुखणे नाही. बृहन्महाराष्ट्रातील प्रत्येक मराठी घरात, देव्हाऱ्यासमोरही, हेच चालले आहे.

शिक्षक म्हणून आपल्याला एवढे करता येईल. स्टीफन्सची प्रशस्ती शिकवू तेव्हा 'दुसऱ्या पुराणा'तील दुःखसहनाचा एखादा भागही वर्गात मोठ्याने वाचू आणि तो कोणासाठी लिहिला गेला हे त्यामागील सर्व इतिहासासह सांगू. परधर्माचा ग्रंथ वाचल्याने आपले काही उणे होत नाही. आपली भाषा कोणाकोणाच्या सुखदुःखाला पुरली, हे मात्र कळते.

असो. माझ्याजवळची देवनागरी प्रत मी त्या सहशिक्षकांना दिली. दोन आठवड्यांनी ते पुन्हा बिट्टन मार्केटमध्ये भेटले. म्हणाले, "शुक्रवारी क्रूसाची वाट करून आलो आणि रात्री आईला थोडे वाचून दाखविले. सगळे शब्द तिला कळले नाहीत, काही मलाही कळले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिने तेच पुन्हा वाचायला लावले. धाकटी मुलगी जवळ येऊन बसली होती." मी विचारले, "तिला समजले का?" ते म्हणाले, "वैकुंठ म्हणजे काय, एवढे तिने विचारले." ईस्टरला अजून तीन आठवडे होते. पुस्तक परत करण्याची घाई करू नका, असे मी त्यांना सांगितले.