संगणकाच्या दारावरची घंटा

दारावर घंटा नसेल तर घरधन्याला हातातले काम टाकून पुन्हा पुन्हा उठावे लागते आणि बाहेर कोणी उभे आहे काय, ते पाहावे लागते. बहुतेक खेपा फुकट जातात. आरंभीच्या संगणकांची स्थिती अशीच होती. गणित करणारा भाग वेगवान. पण टंकयंत्र, छिद्रपट्टी वाचणारे यंत्र ही उपकरणे त्याच्या मानाने फार मंद. त्यांचे काम उरकले की नाही, हे संगणकाला सतत विचारीत बसावे लागे. उपकरणानेच आपण होऊन वर्दी द्यावी, संगणकाने हातचे काम तेथल्या तेथे थांबवून तिकडे लक्ष पुरवावे आणि मग सोडलेला धागा पुन्हा उचलावा, ही कल्पना पुढे आली ती १९५० नंतरच्या दशकात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९५४ साली बांधलेल्या डायसिॲक संगणकात ती दिसते. या वर्दीला ‘इंटरप्ट’ असे नाव पडले.

कल्पना सोयीची खरी. पण तिच्या पोटात एक भय दडलेले होते, आणि ते फार लवकर ओळखणारा मनुष्य आम्स्टरडॅममध्ये होता. १९५७ च्या सुमारास ब्राम लूपस्ट्रा आणि कारेल स्खोल्टेन हे अभियंते ‘एक्स-१’ नावाच्या संगणकाची आखणी करीत होते. त्यासाठी आज्ञावली लिहिण्याचे काम एड्सखर डायक्स्ट्रा या तरुणाकडे होते. आपल्या यंत्रात इंटरप्टची सोय असावी, असे अभियंत्यांनी सुचवताच डायक्स्ट्रा घाबरून गेला. तोवरची यंत्रे तीच आज्ञावली पुन्हा चालवली की तेच उत्तर देत. चुकली तर त्याच जागी चुकत. आता वर्दी कोणत्याही दोन आज्ञांच्या मध्ये येऊ शकणार होती. आज दिसलेली चूक उद्या दिसेलच, असा भरवसा उरणार नव्हता. आणि जी चूक पुन्हा घडवून दाखवता येत नाही ती शोधावी कशी? त्याने तो निर्णय सुमारे तीन महिने लांबवला. अखेर सहकाऱ्यांनी त्याच्या हुशारीची स्तुती करून त्याचा विरोध मोडून काढला, असे त्यानेच पुढे नमूद केले आहे. त्या भीतीला भित्रेपणा म्हणता येणार नाही. वर्दी येताच चालू कामाची सारी अवस्था जशीच्या तशी जपून ठेवावी आणि नंतर ती तंतोतंत परत मांडावी, या विषयावर त्याने १९५९ साली डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला.

प्रबंधाने आज्ञावलीची बाजू सावरली. घंटेच्या तारेची बाजू मात्र निराळी. तारेतील विजेचा दाब चढला म्हणजे वर्दी समजावी की उतरला म्हणजे? दाब बदलतो तो एक क्षण पकडावा, की दाब बदललेला आहे तोवर वर्दी कायम धरावी? हे संकेत दोन्ही टोकांना सारखे ठाऊक असावे लागतात. १९८१ सालच्या आयबीएम पर्सनल कॉम्प्युटरमध्ये अशा आठ तारा होत्या आणि त्यांवर बदलाचा क्षणच टिपला जाई. त्यामुळे एका तारेवर दोन उपकरणे सुखाने नांदत नसत. कोणती तार कोणाची, हे कार्डावरील चिमुकली टोपणे इकडून तिकडे बसवून ठरवीत. दोन कार्डे एकाच तारेवर पडली की त्यांतले एखादे मुके होई. त्रास पुष्कळ होता, पण एक गोष्ट चांगली होती: चूक डोळ्यांना दिसे.

पुढे ती दिसेनाशी झाली. यंत्राची अंतर्गत जोडणी कार्यप्रणालीला कळावी, म्हणून इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ साली ‘एसीपीआय’ हा नियमसंच प्रसिद्ध केला. त्यानुसार कारखानदार फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्रातच भरून दिलेल्या मूळ आज्ञावलीत, जोडणीचे तक्ते लिहून ठेवतो. २०११ सालच्या पाचव्या आवृत्तीने चिपच्या सामान्य पिनांवरून येणाऱ्या वर्दीचेही वर्णन त्या तक्त्यांत आणले. टोपणाची जागा आकड्याने घेतली.

असा एक आकडा किती छळू शकतो, हे २०२० साली दिसले. एका मोठ्या कारखान्याच्या काही नव्या लॅपटॉपांवर लिनक्स चालवले असता टचपॅड नीट चालेना. दोष कोणाचा? टचपॅड नादुरुस्त म्हणावे, तर त्याच्याकडून माहिती येत होती, फक्त अतोनात सावकाश: सेकंदाला सुमारे सात वेळा. बोट सरकले तरी पडद्यावरचा बाण अडखळतच चाले. दुरुस्तीच्या मागे लागलेल्या एका स्वयंसेवकाने एक खटपटीचा उपाय पुढे ठेवला: वर्दीची वाट न पाहता पिनेची अवस्था ठरावीक अंतराने आपणच पाहावी. घंटेवरचा विश्वास उडाला, तेव्हा दार उघडून पाहण्याची साठ वर्षांपूर्वीची रीत पुन्हा आठवली! अशाने काम भागते, पण संगणकाला सतत जागे राहावे लागते.

मूळ कारण निघाले ते पिनेच्या गाळणीत. यांत्रिक बटण दाबले की त्याचे धातूचे तुकडे क्षणभर थरथरतात आणि एका दाबण्याच्या अनेक वर्द्या जातात. म्हणून काही मिलिसेकंद थांबून थरथर गाळून टाकण्याची सोय चिपमध्ये असते. टचपॅडला अशा गाळणीची गरज नाही. तरीही फर्मवेअरने त्याच्या पिनेवर ही मुदत १२४.८ मिलिसेकंद ठेवली होती. सेकंदाला ३२,७६८ ठोके देणाऱ्या घड्याळाचे ५१२ ठोके म्हणजे सुमारे १५.६ मिलिसेकंद; तसली आठ मापे. सेकंदाचा आठवा हिस्सा असा एकेका वर्दीमागे खर्ची पडल्यावर सातच निरोप पोचले, यात नवल नाही.

सारा दोष फर्मवेअरच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. तक्त्यात गाळणीच्या मुदतीसाठी स्वतंत्र रकाना असतो, आणि लिनक्स तोवर तो विचारातच घेत नव्हते. त्या चिपसाठी लिहिलेल्या आज्ञावलीत गाळणी बंद करण्याची रीतही चुकीची होती. रजिस्टरमधले जे दोन बिट पुसायला हवे होते, ते तसेच राहत. शिवाय वर्दीचा प्रकार ठरवताना तीच आज्ञावली गाळणीलाही हात लावी. वस्तुतः या दोन बाबी स्वतंत्र. तीन चुका एकमेकींआड लपून बसल्या होत्या. २०२० च्या अखेरीस त्या एकामागून एक दुरुस्त झाल्या, टचपॅडची घंटा वेळेवर ऐकू येऊ लागली, आणि दर थोड्या वेळाने दार उघडून पाहण्याची ती तरतूद लिनक्समध्ये दाखल करावी लागली नाही.