अडुळसा : काढ्यापासून सिरपपर्यंत

गणपती येतात ते पावसाळा सरता सरता, आणि त्यांच्या मागोमाग सर्दी-खोकला. ब्रह्माघाट-दुर्गाघाटाकडच्या आपल्या जुन्या मराठी घरांत अशा वेळी अडुळसा, तुळस, सुंठ, मिरी आणि ज्येष्ठमधाचा काढा चुलीवर चढायचा. शेजारचे बनारसी त्याला अडूसा म्हणतात, संस्कृत ग्रंथांत तो वासा. खोकला, दमा, ताप आणि रक्तपित्तावर आयुर्वेदाने तो सांगितला आहे.

त्याच्या शास्त्रीय नावातला ‘अधातोडा’ हा शब्द तमिळ-मल्याळममधून आला. अर्थ, शेळी ज्याला शिवत नाही ते. पाने इतकी कडू, की कुंपणाला लावले तर राखण नको!

या पानांत नेमके काय आहे, याचा शोध १८८८ मध्ये डेव्हिड हूपर यांनी घेतला. हे गृहस्थ मद्रास सरकारचे, निलगिरीच्या सिंकोना मळ्यांवर क्विनीन तपासणारे रसायनतज्ज्ञ. तापाच्या सालीसाठी नेमलेला माणूस खोकल्याच्या पानाकडे वळला. त्यांनी वेगळ्या केलेल्या अल्कलॉइडला वासा या नावावरून ‘व्हॅसिसीन’ म्हणतात. पुढे मुंबईचे डॉ. विल्यम डायमॉक आणि वॉर्डन यांच्यासह त्यांनी ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा भारतीय वनौषधींवरचा मोठा ग्रंथ १८९० ते १८९३ या काळात प्रसिद्ध केला.

मात्र औषध तयार झाले जर्मनीत. व्हॅसिसीनच्या रेणूत फेरफार करून बोरिंगर इंगेलहाइम कंपनीने ब्रोमहेक्सिन बनवले आणि १९६३ मध्ये बाजारात आणले. आपल्या डीएलडब्ल्यूतून पहिले डिझेल इंजिन जानेवारी १९६४ मध्ये बाहेर पडले, म्हणजे दोन्ही साधारण एकाच वयाची. ब्रोमहेक्सिन घट्ट कफ पातळ करते. शरीरात त्यापासून तयार होणारे अम्ब्रॉक्सॉल पुढे स्वतंत्र औषध झाले. आज लंका किंवा गोदौलियाच्या दुकानातून आणलेल्या कफ सिरपच्या बाटलीवर ही नावे वाचून पाहा, अडुळशाचे वंशज हाती लागतील.

आम्हा मापाच्या माणसांना एक फरक जाणवतो. ब्रोमहेक्सिनच्या गोळीत ८ मिलिग्रॅम म्हणजे आठच. काढ्यात मूठभर पाने. मूठ कोणाची, झाड कुठले, ऋतू कोणता, यावर व्हॅसिसीन कमी-जास्त होते. ही गोष्ट क्षुल्लक नाही. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत डॉ. अटल व सहकाऱ्यांनी दाखवले, की व्हॅसिसीनने गर्भाशय आकुंचन पावते. तेव्हा घरात कोणी गरोदर असेल, तर काढ्याच्या पातेल्यातून अडुळसा वगळावा आणि खोकल्यासाठी डॉक्टरांना विचारावे.