फिकट पिवळ्या स्फटिकांची गोष्ट

नायट्रोसोमिथाइलयुरिया. नाव उच्चारताना जीभ अडखळते, पण पदार्थ दिसायला साधा आहे : फिकट पिवळे स्फटिक. कर्करोग घडवणं आणि कर्करोगाशी लढणं ही दोन्ही कामं एकाच गुणामुळे कशी होतात, हे मला याच पदार्थाच्या इतिहासात सगळ्यात स्पष्ट दिसलं.

सुरुवात सोयीपासून झाली. १८९४ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हान्स फॉन पेखमान यांनी डायझोमिथेन वायू शोधला. सेंद्रिय आम्लांना मिथाइल गट जोडायला तो फार कामाचा, पण विषारी आणि स्फोटक असल्याने साठवून ठेवणं अवघड. मग लागेल तेव्हा, लागेल तेवढाच बनवायचा. नायट्रोसोमिथाइलयुरिया अल्कलीत टाकला की तो तयार होतो. फ्रिट्झ आर्न्ट यांची ही कृती १९३५ मध्ये ‘ऑरगॅनिक सिंथेसिस’मध्ये छापून आली. तेव्हा धास्ती होती ती वायूची आणि स्फोटाची. स्फटिक थंड जागी ठेवायचे, कारण उष्णतेने ते अचानक विघटित होतात.

दुसरा धोका कळायला आणखी तीसेक वर्षं गेली. १९५६ मध्ये इंग्लंडमधल्या मॅगी आणि बार्न्स यांनी नायट्रोसो कुळातल्याच एका संयुगामुळे उंदरांना यकृताचा कर्करोग होतो हे दाखवलं. त्यानंतर जर्मनीत हेरमान ड्रुकरे यांच्या गटाने नायट्रोसोमिथाइलयुरिया तपासला, तेव्हा उंदरांच्या मेंदूत गाठी झाल्या. याचंच भावंड असलेल्या नायट्रोसोइथाइलयुरियाचा निष्कर्ष १९६६ मध्ये आला, तो जास्त अस्वस्थ करणारा आहे. गाभण उंदरीला एकच डोस दिला आणि पुढे तिच्या पिल्लांच्या मज्जासंस्थेत गाठी आल्या.

मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून मला हे नकलेतल्या चुकीसारखं समजतं. हा रेणू शरीरात फुटतो आणि डीएनएमधल्या ग्वानिनला मिथाइल गट चिकटवतो. पेशी डीएनएची नक्कल करते तेव्हा असं ग्वानिन सायटोसिनऐवजी थायमिनशी जोडी लावतं. रेणू केव्हाच नाहीसा झालेला असतो. चूक मात्र पुढच्या प्रत्येक प्रतीत जाते. म्हणून त्या क्षणी ना जळजळ, ना वेदना.

याच काळात अमेरिकेत अलाबामामध्ये हॉवर्ड स्किपर आणि त्यांचे सहकारी ल्युकेमियावर औषध शोधत होते. बहुतेक औषधं रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ओलांडत नसत, त्यामुळे मेंदूत दडलेल्या कर्करोगाच्या पेशी वाचत. नायट्रोसोमिथाइलयुरिया तिथे पोहोचतो, हे त्यांना १९६१ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. त्यात बदल करत पुढे कार्मस्टिन आलं. १९७७ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि मेंदूच्या गाठींवर ते वापरलं जाऊ लागलं. पण कुळाचा स्वभाव सुटला नाही : अस्थिमज्जेवरचा परिणाम चार-सहा आठवड्यांनी दिसतो, फुप्फुसांना झालेली इजा कधीकधी काही वर्षांनी.

आज डायझोमिथेनसाठी इतर पदार्थ वापरतात. नायट्रोसोमिथाइलयुरिया हाताळायचाच तर हातमोजे आणि फ्यूम हूड हवेतच. उरलेला पदार्थ नष्ट करायला नुसती अल्कली ओतणं म्हणजे पुन्हा तो स्फोटक वायू बनवणं.

कार्मस्टिनची कुपी फ्रीजबाहेर तापली, तर आतली पावडर वितळून तळाशी तेलकट थर जमतो. तो दिसला की कुपी फेकून द्यायची. या कुळातल्या रसायनांनी इतकी उघड सूचना क्वचितच दिली आहे.