फुफ्फुसांतील अर्बुदजन्य सूक्ष्मवाहिनीविकार

कर्करोगाच्या रुग्णाला एकाएकी धाप लागली की पहिला संशय फुफ्फुसात अडकलेल्या गुठळीचा येतो, आणि पुष्कळदा तो खराही ठरतो. या विकारात मात्र सीटी अँजिओग्राफीत मोठ्या धमन्या मोकळ्या दिसतात. ऑक्सिजन उतरत राहतो आणि टूडी एकोत हृदयाची उजवी बाजू फुगलेली आढळते. फॉन हर्बाय व सहकाऱ्यांनी १९९० साली या विकाराचे वर्णन केले. पसरलेल्या कर्करोगाच्या ६३० शवविच्छेदनांपैकी २१ मध्ये त्यांना तो सापडला. त्याचा उगम बहुधा जठराच्या कर्करोगात असतो. कर्कपेशींचे पुंजके अगदी बारीक धमन्यांच्या अस्तराला चिकटतात, तिथे रक्त गोठू लागते, वाढघटक स्रवतात आणि अस्तर जाड होत जाते. बोअरच्या पाण्याने नळाला आतून क्षार धरावा, तशी नळी आतूनच बुजते.

म्हणूनच रक्त पातळ करणाऱ्या नुसत्या हेपारिनवर विसंबणे चुकीचे. गुठळी हा दुय्यम भाग. उपचार मूळ कर्करोगावर आणि जाडावलेल्या भिंतीवर, दोन्हींवर एकदमच हवा. रक्ताच्या कर्करोगात वापरले जाणारे इमॅटिनिब भिंत जाड करणाऱ्या वाढघटकांपैकी एकाचा ग्राहक रोखते. केमोथेरपीसोबत ते दिल्यावर फुफ्फुसातला दाब उतरल्याच्या नोंदी जपानमधून आल्या आहेत. या नोंदी मोजक्या आहेत आणि यशाच्याच कथा छापून येतात, हा आक्षेप रास्त आहे. पण धाप सुरू झाल्यावर रुग्णाच्या हाती अनेकदा काही दिवस किंवा आठवडेच उरतात. एवढ्या अवधीत आणि इतक्या विरळ विकारात मोठी चाचणी उभी राहणे कठीण. धोक्याचा आक्षेप अधिक वजनदार आहे. दुसऱ्या कारणांनी झालेल्या फुफ्फुसीय उच्चदाबावर इमॅटिनिबची चाचणी झाली, तेव्हा रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्या काही रुग्णांच्या मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झाला. तेव्हा इमॅटिनिब आणि रक्त पातळ करणारे औषध ही जोडी डोळे झाकून द्यायची नाही.

विकार सिद्ध करणारा पुरावा हाती नसताना असे औषध द्यावे का? ऊतीचा तुकडा काढणे या अवस्थेत रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. त्याऐवजी उजव्या हृदयातून नेलेला कॅथेटर बारीक धमनीत अडकवून थोडे रक्त ओढता येते. त्यात कर्कपेशी दिसल्या तर तेवढ्यावर उपचार सुरू करणे समर्थनीय ठरते; दिसल्या नाहीत म्हणून विकार नाही, असे मात्र होत नाही. कधी मूळ कर्करोगाचा पत्ताच नसतो. अशा वेळी सिरिंजमधल्या रक्तात, केंद्रक कडेला ढकललेली, खड्याच्या अंगठीसारखी पेशी दिसली, तर एंडोस्कोपी आधी जठराची करावी.