२९ नोव्हेंबर : राणी गेली, नाणे चालत राहिले

ऑस्ट्रियावर ४० वर्षे राज्य करणारी मारिया थेरेसा १७८० मध्ये आजच्या दिवशी व्हिएन्नात निवर्तली. तिच्या मुखवट्याचे चांदीचे थेलर मात्र पुढेही पाडले जात राहिले, आणि प्रत्येकावर साल तेच, १७८०!

कारण व्यापार. इथिओपिया, येमेनच्या बाजारांत लोकांचा भरवसा याच ओळखीच्या नाण्यावर होता. वजन सुमारे २८ ग्रॅम, त्यात हजारी ८३३ भाग शुद्ध चांदी.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४०-४१ मध्ये, हे नाणे चक्क मुंबईच्या टांकसाळीतही पाडले गेले. नाणेसंग्राहकांचा खरा कस इथेच लागतो. सालावरून काहीच उमगत नसल्याने ते भिंगाखाली राणीच्या खांद्यावरच्या पिनेतले मोती आणि गरुडाच्या शेपटीची पिसे न्याहाळतात, त्यावरून टांकसाळ ओळखतात.