सागाला खिळा मारण्याआधी

चामोर्शीकडची जुनी घरं उतरवताना मी आधी खांबाचं डोकं बघतो. आढं खांबावर बसलंय ते कुसवानं, म्हणजे पटाशीनं कोरलेल्या खाचेत घट्ट शिरलेल्या लाकडानं. आडवी खुंटी ठोकली की काम संपलं, लोखंड नाही. आजोबा सामत्यानं आधी भोक पाडत आणि मगच खुंटी मारत. ऐनाचं लाकूड तर इतकं कठीण की कडेला घाईनं ठोकलं तर उभं चिरतं.

चामोर्शीचा हा गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ला वेगळा झाला, त्याआधी हा सारा चंद्रपूर, म्हणजे जुना चांदा जिल्हाच. आलापल्लीच्या सागाला तेव्हाही मान होता. मार्च २०२३मध्ये बल्लारपुरातून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेलं, तेव्हा आम्हा सुतारांची छाती फुगली.

आता पोरं कॉम्प्रेसरवर खिळ्यांची बंदूक चालवतात. पॅकिंगच्या पेट्यांना, सेंटरिंगला ती हवीच. घेताना मी वजन नाही, नाकाचं सेफ्टी-टोक दाबल्याशिवाय खिळा सुटतो का, ते तपासतो. रोज तेलाचे थेंब घाला, टाकीतलं पाणी काढा. नाहीतर आतली रबरी रिंग लवकर जाते. पण घराच्या खांबाला मी अजून कुसूच कोरतो.